पॉवर सप्लायमधली नंबर उडालेली आयसी ओळखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका गणेश मंडळाचा आठ इंची पॉवर्ड स्पीकर (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला) बंद पडलाय. उघडल्यावर फ्यूज काळा, मॉसफेटचे (सप्लायमधला मुख्य स्विच) तिन्ही पाय, गेट, ड्रेन आणि सोर्स, एकमेकांशी शॉर्ट, त्याच्या सोर्सचा रेझिस्टर ओपन, आणि बोर्डाच्या मागच्या अंगाला असलेल्या आठ पायांच्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या) आयसीच्या पोटाला भोक. आयसीवर वरच्या ओळीच्या शेवटी फक्त 'डी६' वाचता येतं. खालच्या ओळीतली चार अक्षरं शाबूत आहेत, पण ती शोधून काही हाती लागलं नाही. महाराणी रोडवर एका दुकानदाराने 'यूसी३८४३ लगा दो, सबमें चलती है' असं सांगितलं. लावावी का? सोबत बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आहेत.

लावू नका. ३८४३ मध्ये सप्लाय ७ नंबरच्या पायावर येतो. तुमच्या फोटोत ७ नंबरच्या पायाला ट्रॅकच नाही. आणि ३८४३ च्या ८ नंबरच्या पायावर आयसी स्वतः ५ व्होल्टचा रेफरन्स (स्थिर संदर्भ व्होल्टेज) बाहेर देते. तुमच्या बोर्डवर ८ नंबरचा पाय एका डायोडमधून थेट मेन्सच्या बाजूला गेलाय, म्हणजे तिथे ३०० व्होल्टच्या वर जाणार. स्विच दाबताच नवी आयसीही फुटेल आणि सोबत नवा मॉसफेट घेऊन जाईल.

हे मला नंबर न वाचता कळलं, आणि माझं सांगणंही तेवढंच आहे: आधी चिपचं काम शोधा, नंबर मागून येतो. पॉवर सप्लायमध्ये हे इतर कुठल्याही सर्किटपेक्षा सोपं जातं, कारण इथे प्रत्येक पायाला ठरलेलीच माणसं भेटायला येतात. गेट, सोर्सचा रेझिस्टर, ऑप्टो (उजेडातून सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग), छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ती कुठून आली हे पाहिलं की घर कोणाचं ते कळतं.

हात लावण्याआधी मोठा कपॅसिटर मोजा. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात. फ्यूज आणि मॉसफेट उडालेल्या सप्लायमध्ये तो चार्ज कधीकधी तसाच बसून राहतो, कारण त्याला रिकामं करणारं कुणी उरलेलं नसतं. दोनेक किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर वायरला लावून ठेवा आणि त्यानेच रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, कपॅसिटर आणि ट्रॅक दोन्ही दुखावतात.

आता मार्किंग. खालच्या ओळीतली ती चार अक्षरं शोधण्यात वेळ घालवू नका. दोन ओळींच्या छोट्या चिपवर खालची ओळ बहुतेक वेळा कारखाना, लॉट आणि तारीख यांची असते. मोठ्या पॅकेजवर हीच तारीख चार आकड्यांत येते. ०९४७ म्हणजे २००९ चा ४७ वा आठवडा. असा आकडा पार्ट नंबर समजून शोधला की दिवस वाया जातो. पार्ट नंबर वरच्या ओळीत असतो, आणि छोट्या पॅकेजवर तो निम्मा कापून छापलेला असतो. जागाच नसते, म्हणून कंपनीची अक्षरं गाळतात.

अर्धवट पुसलेला नंबर वाचायला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने वरचं वार्निश आणि काजळी काढा. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवा धरा, जवळजवळ बोर्डाला टेकवून, आणि हळूहळू फिरवा. लेझरने कोरलेलं अक्षर समोरून दिसत नाही, पण बाजूच्या उजेडात त्याची कड चमकते. तरीही नाही दिसलं तर पांढऱ्या खडूची भुकटी बोटाने चोळा आणि वरवर पुसा. कोरीव भागात खडू राहतो. फोनचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि नंतर कॉन्ट्रास्ट वाढवा, नुसत्या डोळ्याने न दिसलेलं एखादं अक्षर तिथे सापडतं. कारखान्यातच घासून काढलेला नंबर मात्र यातल्या कशानेही परत येत नाही. तिथे वेळ न घालवता थेट पुढच्या कामाला लागा.

आणि मंडळाकडे स्पीकरची जोडी असेल तर आधी दुसरा उघडा. पुष्कळदा उत्तर तिथे स्वच्छ छापलेलं असतं. दोन्ही बोर्डांवरचा छापील आवृत्तीचा क्रमांक जुळतो का एवढं पाहा. त्याच मॉडेलमध्ये वर्षभराने कंपनी कंट्रोलर, म्हणजे मॉसफेट चालवणारी ही आयसी, बदलते, असं मी पाहिलंय.

आता मुख्य काम. कागदावर एक चौकोन काढा, आठ पाय काढा, आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक पाय कुठे जातो ते लिहा. फुटलेली आयसी आधी काढून टाका, नाहीतर आतले शॉर्ट तुम्हाला खोटं सांगतील.

पहिला शोधायचा तो ग्राउंड. मोठ्या कपॅसिटरचं निगेटिव्ह म्हणजे प्रायमरीचं, ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूचं, ग्राउंड. त्याला थेट जोडलेला पाय सापडला की कागदाला आधार मिळतो. मग मॉसफेटच्या गेटवरून उलटं या: दहा ते सत्तेचाळीस ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर, कधी त्याला समांतर डायोड, आणि पलीकडे आयसीचा आउटपुट पाय. मग सोर्सवरून या. सोर्स आणि ग्राउंडमध्ये तो जळालेला जाड रेझिस्टर, आणि त्याच्या वरच्या टोकावरून एक किलोओहमच्या आसपासचा छोटा रेझिस्टर ज्या पायाला जातो तो करंट सेन्स, म्हणजे करंट मोजणारा पाय. त्या पायाला बहुधा एक बारीक सिरॅमिक कपॅसिटरही असतो, स्विचिंगचा काटा गाळायला. पुढे ऑप्टो. ८१७ जातीच्या चार पायांच्या ऑप्टोत १ आणि २ एलईडीचे, ३ एमिटर, ४ कलेक्टर. बहुतेक फ्लायबॅकमध्ये (एक मॉसफेट आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या अशा सप्लायमध्ये) कलेक्टर ज्या पायाला लागतो तो फीडबॅक, आउटपुटची खबर आणणारा. उरला सप्लायचा पाय: तिथे दहा ते सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक असतो, आणि बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या तिसऱ्या वाइंडिंगमधून एक डायोड त्याला भरत असतो.

तुमच्या फोटोंवरून मी एवढं लिहू शकलो: २ ऑप्टोला, ३ सोर्सच्या रेझिस्टरला, ४ ग्राउंडला, ५ गेटला, ६ छोट्या इलेक्ट्रोलिटिकला, ७ रिकामा, ८ डायोडमधून मेन्सला. १ नंबरच्या पायाला फक्त एक सिरॅमिक कपॅसिटर दिसतो.

यातली ७ आणि ८ ची जोडी फार बोलकी आहे. हाय व्होल्टेज थेट चिपमध्ये घेऊन सुरुवातीचा सप्लाय तिथेच तयार करणाऱ्या कंट्रोलरमध्ये, ८ नंबरच्या पायाशेजारचा पाय मुद्दाम रिकामा ठेवतात, म्हणजे ३०० व्होल्ट आणि १० व्होल्ट शेजारीशेजारी येत नाहीत. काही चिपमध्ये तो पाय छाटलेलाच असतो. एनसीपी१२०० आणि तिची भावंडं या घराण्यातली, आणि एलडी७५७५ ही दुसऱ्या कंपनीची चिपही नेमकी याच मांडणीची: २ फीडबॅक, ३ सेन्स, ४ ग्राउंड, ५ आउटपुट, ६ सप्लाय, ८ हाय व्होल्टेज.

मग फरक कुठे? १ नंबरच्या पायावर. एलडी७५७५ मध्ये तिथे फ्रिक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टर लागतो, साधारण १०० किलोओहमचा, ग्राउंडकडे. एनसीपी१२०० मध्ये फ्रिक्वेन्सी आतच ठरलेली असते. १ नंबरचा पाय कमी लोडवर पल्स कधी गाळायचे ते ठरवतो, आणि तो मोकळा किंवा नुसता कपॅसिटरवर सोडलेला चालतो. तुमच्याकडे रेझिस्टर नाही, म्हणजे एलडी७५७५ बाद.

आता तो 'डी६' कामाला येतो. एनसीपी१२०० ची ६० किलोहर्ट्झची आवृत्ती छोट्या पॅकेजवर '२००डी६' अशी छापतात, ४० ची '२००डी४'. एनसीपी१२०३ सुद्धा त्याच पद्धतीने '२०३डी६' होते. म्हणजे शेवटचा आकडा फ्रिक्वेन्सी सांगतो आणि सुरुवातीचे तीन, जे तुमच्या आयसीच्या भोकात गेले, ते चिपचं नाव.

दोघींतली कोणती? पुन्हा बोर्डालाच विचारा. एनसीपी१२०० चं वैशिष्ट्य असं की तिला तिसरं वाइंडिंग लागत नाही, ती ८ नंबरच्या पायावरूनच स्वतःला सतत भरत राहते. १२०३ सुरू होताना ८ वरून घेते आणि नंतर वाइंडिंगवर जगते. ६ नंबरच्या पायावर फक्त कपॅसिटर असेल आणि ट्रान्सफॉर्मरकडून डायोड येत नसेल, तर १२००. डायोड येत असेल तर १२०३ कडे कल द्या. काही जण १२०० लाही वाइंडिंग देतात, त्यामुळे हा पुरावा एकाच बाजूने पक्का आहे: वाइंडिंग नाही, तर १२०३ नाही. तुमच्या फोटोत इलेक्ट्रोलिटिकच्या पॉझिटिव्हपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत मला ट्रॅक दिसत नाही, पण तिथे वरून एक जंपर आहे. तेवढं मीटरने तपासा. नसेल तर एनसीपी१२००, ६० किलोहर्ट्झ. ४० किंवा १०० ची लावू नका. ट्रान्सफॉर्मर ६० साठी गुंडाळलेला आहे. ४० वर तो लवकर सॅच्युरेशनकडे (गाभा चुंबकत्वाने भरून जाण्याकडे) जाईल, १०० वर मॉसफेट जास्त तापेल.

ही रीत बाकीच्या सप्लायनाही लागू पडते, म्हणून आपल्याकडे येणाऱ्या ऑडिओच्या कामात जी घराणी वारंवार भेटतात ती सांगून ठेवतो.

३८४२ चं घराणं जुनं. ५ ग्राउंड, ६ आउटपुट, ७ सप्लाय, ८ रेफरन्स, ३ सेन्स, आणि ४ वर एक रेझिस्टर ८ कडून येणारा व एक कपॅसिटर ग्राउंडकडे जाणारा. ४ वरची ही जोडी दिसली की ओळख पटली. पुढचं अक्षर यूसी असो की केए, मांडणी तीच. पण आतल्या चार बहिणी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ३८४२ आणि ३८४४ सोळा व्होल्टवर जागतात आणि दहाच्या खाली गेल्यावर झोपतात. ३८४३ आणि ३८४५ साधारण ८.४ वर जागतात, ७.६ ला झोपतात. शिवाय ३८४४ आणि ३८४५ ची ड्युटी (प्रत्येक फेरीत आउटपुट चालू राहण्याचा वाटा) निम्म्यावर थांबते. मेन्सच्या सप्लायमध्ये मोठ्या स्टार्टअप रेझिस्टरमधून कपॅसिटर सावकाश भरतो, तिथे सोळावाली हवी. ८.४ वाली लावली तर कपॅसिटरमध्ये पुरेसा साठा होण्याआधीच ती सुरू होते, वाइंडिंग जोर धरायच्या आत सप्लाय कोसळतो, आणि टिक-टिक करत बसते. 'सबमें चलती है' म्हणून लावलेल्या ३८४३ चे असे बोर्ड माझ्या टेबलावर नेहमी येतात. बारा व्होल्टच्या कार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र सोळावाली कधीच जागणार नाही.

मॉसफेट वेगळा दिसतच नसेल आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग थेट आयसीच्या पायाला जात असेल, तर मॉसफेट आयसीच्या आत आहे. स्टँडबाय सप्लायमध्ये हे कायम दिसतं. एकाच बाजूचे चारही पाय, ५ ते ८, एकत्र ड्रेनला असतील आणि १, २ ग्राउंडला, तर व्हायपर१२ए किंवा व्हायपर२२ए. दोघींचे पाय सारखे. एकीची करंटची मर्यादा ०.४ अँपिअर, दुसरीची ०.७. आठातला एक पाय मुळातच नसेल तर टायनीस्विचच्या घराण्याचा विचार करा: सहावा नसेल आणि ड्रेन ५ वर असेल तर टीएनवाय२६४ ते २६८, तिसरा नसेल आणि ड्रेन ४ वर असेल तर २७४ ते २८०. या दुसऱ्या मालिकेत बायपासच्या पायावरचा कपॅसिटर बदलताना डोकं शांत ठेवा. ०.१, १ आणि १० मायक्रोफॅरड यांवरून ती चिप आपली करंटची मर्यादा निवडते. 'जरा मोठा टाकू' म्हणून दुसरा टाकला तर सप्लायचा स्वभावच बदलतो.

मोठ्या पॉवर्ड स्पीकरमध्ये दोन मॉसफेट एकावर एक असतील, आणि आयसीच्या दोन पायांमध्ये एक कपॅसिटर व वरच्या पायाकडे एक फास्ट डायोड जात असेल, तर तो हाफ ब्रिजचा (दोन मॉसफेट आळीपाळीने चालणाऱ्या सप्लायचा) ड्रायव्हर. आठ पायांत आयआर२१५३ ओळखायला सोपी: १ सप्लाय, २ आणि ३ वर रेझिस्टर-कपॅसिटर, ४ ग्राउंड, ५ आणि ७ दोन गेटना. कार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोळा पाय दिसले की टीएल४९४ किंवा केए७५००: १२ सप्लाय, ७ ग्राउंड, १४ वर ५ व्होल्ट. ऑप्टोजवळ ट्रान्झिस्टरसारखा तीन पायांचा भाग असतो तो बहुतेक टीएल४३१. तोच आकार ७८एल०५ चाही असतो, म्हणून आकारावर जाऊ नका. रेफरन्सच्या पायाला आउटपुटकडून दोन रेझिस्टरचा भागाकार (व्होल्टेज डिव्हायडर) येत असेल तर तो ४३१, आणि तो भागाकार त्या पायावर २.५ व्होल्ट आणतो. भागाकाराचे दोन रेझिस्टर वाचले की सप्लाय किती व्होल्टचा होता हेही कळतं. पुसलेल्या बोर्डवर यासारखा दुसरा साक्षीदार नाही.

सर्वात छोट्या तीन पायांच्या एसएमडी भागांवर फक्त कोड असतात: जे३वाय म्हणजे एस८०५०, २टीवाय म्हणजे एस८५५०, १एएम म्हणजे ३९०४, ए७ म्हणजे बीएव्ही९९ हा दुहेरी डायोड. हे नेहमीचे. पण दोन कंपन्या एकच कोड दोन वेगळ्या भागांवर छापतात, तेव्हा कोडवरून फक्त संशय घ्या आणि मीटरच्या डायोड मोडने खात्री करा.

आता तुमच्या बोर्डाकडे परत. आयसी मरण्याचं कारण आयसी नसते. मॉसफेटचा ड्रेन गेटशी शॉर्ट झाला की ३०० व्होल्ट गेटच्या रेझिस्टरमधून थेट तिच्या ५ नंबरच्या पायात घुसतात. म्हणून गेटचा रेझिस्टर, सेन्सचा छोटा रेझिस्टर, त्याचा सिरॅमिक, ६ नंबरचा इलेक्ट्रोलिटिक आणि ऑप्टो हे सगळं काढून मोजा. मग मॉसफेट का गेला ते शोधा: प्रायमरी वाइंडिंगवरचा डायोड-रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारा) ओपन आहे का, सेकंडरीचा एखादा डायोड शॉर्ट आहे का. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी लावलेला तपकिरी गोंदही खरवडून काढा. जुना होऊन काळवंडला की तो करंट वाहू लागतो आणि शेजारचे पाय खातो. स्पीकरच्या खोक्यात हादऱ्यामुळे तो भरपूर लावलेला असतो.

सोर्सच्या जळालेल्या रेझिस्टरचे पट्टे वाचता येत नसतील तर अंदाज असा: सेन्सचा पाय साधारण एक व्होल्टला पल्स तोडतो, म्हणजे ०.३३ ओहमला तीन अँपिअरचा शिखर करंट. दुसरा स्पीकर असेल तर त्याचाच वाचा. अंदाजानेच लावायची वेळ आली तर जास्त ओहमपासून सुरुवात करा. सप्लाय लोड घेणार नाही, पण काही फुटणार नाही.

नवी आयसी लावल्यावर मॉसफेट लगेच लावू नका. प्लग काढलेला, मोठा कपॅसिटर रिकामा. बेंच सप्लायवरून ६ आणि ४ मध्ये १३ व्होल्ट द्या. १६ च्या वर अजिबात जाऊ नका. गेटच्या पॅडवर मीटर हर्ट्झवर लावा. ६० किलोहर्ट्झच्या आसपास दिसलं तर आयसी खरी आणि तुमची ओळखही खरी. काहीच नाही किंवा भलताच आकडा आला तर चिप बनावट किंवा वेगळ्या आवृत्तीची. बाजारात नंबर पुन्हा छापलेल्या चिप सर्रास मिळतात. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पाठ घासून पाहा, काळा रंग उतरला तर परत करा. दुकानदाराशी बोलून एकाऐवजी दोन घ्या, आणि एक चालल्यावर दुसरीची पट्टी कागदात गुंडाळून नंबर लिहून ठेवा.

हे जमलं की मॉसफेट लावा, अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड वेगळा ठेवा, फ्यूजच्या जागी शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. प्रायमरीच्या बाजूला ऑसिलोस्कोपचं ग्राउंड क्लिप आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय कधीही लावू नका. आउटपुटवर प्लस आणि मायनस दोन्ही सारखे आले की प्रत्येकावर शंभर ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास चालवा. हाय व्होल्टेजवर स्वतःला भरणारी एनसीपी१२०० थोडी कोमट होतेच, त्यात काळजी नाही. बोट ठेववत नसेल तर ८ नंबरच्या पायाआधीचा डायोड तपासा.  बोट लावण्याआधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको. मग बल्ब काढा, मूळ रेटिंगचाच फ्यूज टाका, आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडा. जंपरचं काय निघालं ते कळवा. डायोड सापडला तर १२०३ च्या पायांवरचे व्होल्टेज वेगळे येतात, ते सांगतो.